एका अंगात किती आजार?

एखादीला शुगर असते आणि बीपीही असतं. दुसरीला बीपी असतं, गुडघे धरलेले असतात आणि वर दमा. वर्षानुवर्षं सोबत राहणारे असे दोन किंवा जास्त आजार एकाच माणसाला असले, तर त्यांना आपण आज 'जोडआजार' म्हणू या.

हे किती जणांना असतं? मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांची आणि त्यांच्या जोडीदारांची, मिळून ७२ हजारांहून जास्त जणांची पाहणी केली. साठी ओलांडलेल्या दर शंभरांत ७५ जणांना कुठला ना कुठला जुनाट आजार होता, आणि बऱ्याच जणांना एकापेक्षा जास्त. जोडआजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसले. खेड्यापेक्षा शहरात जास्त, गरिबांपेक्षा सुखवस्तू घरांत जास्त. राज्यांमध्ये केरळ सर्वांत पुढे.

हे ऐकून वाटेल, चला, आपण खेड्यातल्या, कष्ट करणाऱ्या, आपल्याला कमी धोका. पण जरा थांबा. त्या पाहणीत बहुतेक आजारांबाबत विचारलं होतं ते असं: "हा आजार तुम्हाला आहे, असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?" जी बाई डॉक्टरकडे गेलीच नाही, ती 'नाही'च म्हणणार. केरळात दवाखाना जवळ आहे, लोक तपासून घेतात, म्हणून तिथला आकडाही मोठा दिसतो. शहरातल्या खाण्या-बसण्याचा फरक आहेच. पण आपला आकडा लहान दिसतो, त्यातला काही भाग न तपासल्याचा आहे.

मग गरिबांचीही नीट नोंद झाली तर काय दिसतं? स्कॉटलंड या देशात प्रत्येकाला सरकारी खर्चानं डॉक्टर मिळतो, त्यामुळे गरिबाचीही नोंद दवाखान्यात असते. तिथल्या साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. जवळपास चौघांत एकाला जोडआजार होते. सर्वांत गरीब वस्त्यांमध्ये ते श्रीमंत वस्त्यांपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी सुरू झाले होते. आणि जोडआजार असलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या आतले होते. म्हणजे हे फक्त म्हातारपणाचं दुखणं नाही आणि फक्त श्रीमंतांचं तर नाहीच.

आपल्याकडेही रक्त प्रत्यक्ष तपासलं, तेव्हा चित्र बदललं. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी मधुमेह अभ्यासात शुगरचे रुग्ण शहरात जास्तच निघाले. पण शुगरच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचं प्रमाण खेड्यात आणि शहरात जवळपास सारखं होतं.

जोडआजारात आणखी एक अडचण असते. एका आजाराचं औषध दुसऱ्या आजाराला भोवू शकतं. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून रोज खाल्ली, तर बीपी वाढू शकतं. शुगर आणि बीपी असलेल्या बाईच्या किडनीला या गोळ्या जास्त घातक ठरतात. गुडघ्याच्या डॉक्टरांना बीपीचं माहीत नसतं, बीपीच्या डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीचं माहीत नसतं. दोन्ही माहीत असतं ते फक्त आपल्याला. म्हणून सांगायचंही आपणच.

तर मैत्रिणींनो, एवढं करू या. वयाची तिशी झाली की बीपी आणि शुगर तपासून घ्यायची. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, ही तपासणी मोफत होते. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणीही त्यात येते. आशाताई त्यासाठी घरी येऊन फॉर्म भरतात. तेव्हा तंबाखू-मिश्री, चुलीचा धूर, घरातले आजार, काही लपवू नका. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे आला, तर डॉक्टरांना दाखवा. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी मनानं बंद करू नका.

दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत न्या. बीपीच्या, शुगरच्या, दुखण्याच्या, झाडपाल्याच्यासुद्धा. डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, "या सगळ्या एकत्र चालतील का?"

बचत गटाच्या बैठकीत हप्ता जमा झाल्यावर एक प्रश्न सगळ्यांना विचारा: शेवटचं बीपी कधी मोजलं? ज्यांना आठवत नाही, त्यांची नावं लिहा आणि सगळ्या मिळून एक दिवस ठरवून उपकेंद्रात जा. एकटीला शेतातून, घरातून सवड मिळत नाही, गटाला मिळते. आपली तपासणी झाली, तरच आपण मोजणीत येऊ. आणि मोजणीत आलो, तर आपल्या उपकेंद्रात गोळ्या पुरेशा का नाहीत, हे ग्रामसभेत आकडा दाखवून विचारता येईल.