परभाषेच्या वाटेवर मायबोलीची शिदोरी

परदेशातील उन्हाळी भाषावर्ग म्हणजे नेमके काय आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या आपल्या मुलांना ते झेपतात काय, असे प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. आपल्या वसतिगृहात वाढलेली एक विद्यार्थिनी महाविद्यालयात असताना पुण्यात जर्मन शिकली आणि अशा वर्गासाठी जर्मनीस जाऊन आली. तिच्या अनुभवाच्या आधारे आम्ही हे उत्तर देत आहोत.

जर्मनीतील अनेक विद्यापीठे उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांचे भाषावर्ग चालवितात. १९२५ साली स्थापन झालेली ‘डी.ए.ए.डी.’ ही शैक्षणिक विनिमय संस्था त्यांसाठी निवडक परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. प्रारंभी चाचणी होते आणि ‘ए-१’पासून ‘सी-२’पर्यंतच्या सहा पायऱ्यांपैकी विद्यार्थ्याची पायरी ठरते. वर्गात नाना देशांची मुले असतात. सर्वांना सामाईक अशी भाषा जर्मनच. म्हणून चुकतमाकत का होईना, तीच बोलावी लागते.

आमची विद्यार्थिनी पहिला आठवडा जवळजवळ गप्पच होती. भाषाशिक्षणात या अवस्थेला मौनकाळ म्हणतात. या काळात शिकणारा बोलत नसला तरी ऐकलेले मनात रुजत असते. तिच्या शिक्षिकेने तिला घाई केली नाही. चुकीच्या वाक्याला हसण्याऐवजी तेच वाक्य त्या शुद्ध रूपात सहज उच्चारीत. दुसऱ्या आठवड्यात ती बोलू लागली.

तेथे तिला एक अनपेक्षित आधार सापडला, तो मराठीचा. इंग्रजीतून जर्मनकडे येणाऱ्यास नामांची तीन लिंगे जड जातात. मराठीत ती तिन्ही आहेतच. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी असल्याचे ऐकून इतर चकित झाले. तिला मात्र आपले ‘लेकरू’ आठवले. मुलगी असो वा मुलगा, लेकरू नपुंसकलिंगीच! जर्मन गौणवाक्यात क्रियापद शेवटी येते, तसे ते आपल्याही वाक्यात येते. ‘तू’ आणि ‘आपण’ यांतील अंतरही तिला शिकावे लागले नाही.

हीच मुलगी गावाकडून प्रथम शहरात शिकावयास गेली, तेव्हा तिच्या बोलीला वर्गात हसले गेले होते आणि कित्येक महिने तिने तोंड उघडले नव्हते. मौन दोन्ही ठिकाणी होते; पण एका ठिकाणी ते शिकण्याचा टप्पा मानले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी अज्ञानाची खूण.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की, घरची बोली मुलांपासून दडवू नका. गोंडी असो, कोरकू असो वा वऱ्हाडी, नवी भाषा तिच्याच पायावर उभी राहते. वसतिगृहात नव्याने आलेले मूल गप्प असेल तर त्याला वेळ द्यावा, हा धडा आम्हा शिक्षकांसाठीही आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले होते. ती वाट आपल्या मुलांना परकी नाही. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी आधी येथेच जर्मनचा पाया पक्का करावा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज बरेच महिने अगोदर करावा. इंग्रजी माध्यमात शिकलो नाही, एवढ्याच कारणाने मात्र कोणी मागे राहू नये.