पुढची दहा वर्षे आणि गावची डीपी

'दहा वर्षांनंतरचे तंत्रज्ञान' हा विषय वक्तृत्व स्पर्धेत निघाला की काय होते ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पहिला स्पर्धक रोबो आणतो, दुसरा उडणारी मोटार आणतो आणि तिसरा उठेपर्यंत परीक्षकांनी चहा मागवलेला असतो. म्हणून मी जगाचे भविष्य सांगायच्या भानगडीत पडत नाही. फक्त बुलडाणा जिल्ह्याचे सांगते, तेही रोजच्या वापरातल्या वस्तूंचे. दहा वर्षांनी हा अंक लायब्ररीतून काढून पडताळून बघा.

पण पुढचे सांगण्याआधी मागची भविष्ये कशी निघाली ते पाहू. ३१ जुलै १९९५ ला आपल्या देशात पहिला मोबाईल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना तो लावला. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि फोन उचलणाऱ्यालासुद्धा पैसे पडायचे! तेव्हा कोणी म्हटलं असतं की एक दिवस बकऱ्या चारणाऱ्या पोराच्या खिशात हा फोन असेल, तर एसटी स्टँडवरच्या पिवळ्या पाटीचा बूथवाला पोट धरून हसला असता. आज तो बूथ शोधून सापडत नाही.

आता उलट उदाहरण. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडची सत्तर गावे संगणकाने जोडायचा वारणानगरचा प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक बसला की शेतकरी जगाशी जोडला जाईल अशी कल्पना होती. पण ऊसवाल्याचे प्रश्न अगदी साधे होते. माझा ऊस किती टन भरला? तोडणीची चिठ्ठी कधी मिळणार? खत किती उचललं? २००७ च्या सुमारास संशोधकांनी त्यातल्या सात गावांत संगणक बाजूला ठेवून साध्या मोबाईलच्या एसएमएसवर हीच माहिती द्यायचा प्रयोग केला आणि काम कमी खर्चात झाले. बेंगळुरूच्या 'सिम्प्युटर'चेही तसेच. गरिबांचा, भारतीय भाषांत बोलणारा, हातात मावणारा संगणक म्हणून त्याचा केवढा गाजावाजा झाला होता. पण तो काही हजारांच्या पुढे विकला गेला नाही. कल्पना वाईट नव्हती. तेच काम पुढे स्वस्त स्मार्टफोनने केले, विशेषतः २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर.

यावरून मी माझ्यापुरती एक फूटपट्टी केली आहे. वस्तू किती हुशार आहे हे बघायचे नाही. ती कोणाचा कोणता त्रास कमी करते, चालायला तिला काय काय लागते आणि बिघडली तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होते का, एवढेच बघायचे. या फूटपट्टीने मोजले तर आपल्या जिल्ह्यात येत्या दहा वर्षांत सगळ्यात मोठा बदल मोबाईलमध्ये नाही, विहिरीवरच्या मोटारीत होणार आहे.

का ते सांगते. आमचे मोठे बाबा मेहकर तालुक्यात शेती करतात. शेतीच्या थ्री-फेज लाइनला वेळापत्रक असते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. हरभरा-गव्हाच्या दिवसांत रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत, हातात बॅटरी घेऊन, साप-विंचू आणि रानडुकरांच्या भरवशावर पाणी द्यायला जातो. घरची मंडळी तो परत येईपर्यंत जागी असतात. हे काम करायला आपल्यापैकी कोणी तयार होईल का? म्हणजे हा असा त्रास आहे की तो कमी करणारी वस्तू विकायला जाहिरात लागत नाही.

शेतकऱ्यांनी यावर पहिला उपाय केला तो 'ऑटो'चा. स्टार्टरला ऑटो जोडला की लाइन आली की मोटार आपोआप चालू. मोठे बाबा घरी झोपलेले, मोटार शेतात चालू! पण इथेच इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाचा धडा आडवा येतो. इंडक्शन मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवर वीस मोटारी, वीसही ऑटोवर, आणि लाइन आल्याबरोबर सगळ्या एकदम सुरू. मग फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच जळते. (शहरातल्या वाचकांसाठी: डीपी म्हणजे इथे व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो नाही, गावचा ट्रान्सफॉर्मर. तो जळला की किती दिवस अंधार राहील ते कोणी सांगू शकत नाही.) प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणा केला आणि नुकसान सगळ्यांचे झाले.

त्यानंतर आला मोबाईल स्टार्टर. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' नावाचे यंत्र बनवले. त्यांच्या आजोबांना पंप चालू करायला लांब चालत जावे लागायचे, तिथून ही कल्पना आली. स्टार्टरजवळच्या पेटीत सिमकार्ड असते. घरून फोन लावायचा, तिन्ही फेज आहेत की नाही ते समजते, आणि बटण दाबून मोटार चालू-बंद करता येते. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळाले. गंमत बघा, मोबाईल काढणाऱ्यांनी तो बोलण्यासाठी काढला आणि आपल्या माणसांनी त्याने विहिरीवरची मोटार चालवली. अर्थात, मोटार घरून चालू झाली तरी दांडातले पाणी या सरीतून त्या सरीत वळवायला माणूस लागतोच. रात्र काही सुटली नाही.

रात्र सुटते ती सौर पंपाने. त्याचे कारण एकदम साधे आहे, सूर्य रात्री नसतो! या पंपाला बॅटरी नसते. पॅनेलवर ऊन पडले की कंट्रोलर जेवढी वीज मिळेल तेवढ्या वेगाने मोटार फिरवतो. सकाळी हळू, दुपारी जोरात, ढग आला की पुन्हा हळू. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३ किलोवॅटचे पॅनेल लागतात. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची आणि राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' २०२४ ची. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची. शिवाय अख्ख्या फीडरलाच सोलरवर घेऊन दिवसा वीज द्यायची योजना राज्यात २०१७ पासून आहे. गेल्या पंधरा वर्षांत पॅनेलच्या किमती इतक्या पडल्या आहेत की अनुदान कमी झाले तरी ही गाडी मागे फिरणार नाही असे मला वाटते. तेव्हा माझे पहिले भविष्य: दहा वर्षांनी आपल्या जिल्ह्यात रात्री ओलीत करणे ही आजोबांनी सांगायची गोष्ट झालेली असेल.

पॅनेल पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात बरेच दिवस रिकामे असतात, हे लोकांच्या लक्षात यायला लागले आहे. त्याच विजेवर कडबा कुट्टी, पिठाची गिरणी चालवता येईल असे कंट्रोलर निघाले आहेत. म्हणजे आज ज्याला आपण पंप म्हणतो ते उद्या शेतातले छोटे पॉवर स्टेशन असेल. इलेक्ट्रिकलवाल्यांनो, नोकरीसाठी पुण्याला पळण्याआधी याचा विचार करा. हे सगळे दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात अजून कमीच सापडतो.

पण एक गोष्ट मला घाबरवते. आजवर बिल आणि लोडशेडिंग, दोघांना आपण शिव्या दिल्या. पण विहिरीला श्वास घ्यायला वेळ त्यांच्यामुळेच मिळत होता. उन्हाला ना बिल ना लोडशेडिंग. उन्हाळ्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीस पंप फुकट चालले, तर पाण्याची पातळी कुठे जाईल? ऑटोने डीपी जळायची. डीपी दुसरी बसवता येते, विहिरीतले पाणी दुसरे बसवता येत नाही. आणि शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीच खारट आहे. तिथे पंप विजेचा असो की उन्हाचा, वर खारेच पाणी येणार. म्हणून दुसरे भविष्य: पुढच्या दहा वर्षांत विहिरीतल्या पातळीचे मीटर आणि ठिबक यांना पंपाइतकेच महत्त्व येईल. हे स्वखुशीने होईल की विहिरी आटल्यावर, ते मला सांगता येत नाही.

आता बाकीचे भराभर. फोनशी मराठीत बोलून कामे होतील, हे नक्की. केंद्र सरकारचा 'भाषिणी' प्रकल्प २०२२ पासून भारतीय भाषांवर काम करतोच आहे. मी कॉन्व्हेंटची असल्याने हा लेखही आधी फोनला बोलून दाखवला आणि मग सुधारला. माझे पुस्तकी मराठी त्याला छान समजते. आजीने विचारले, "पाणी येऊन राह्यलं काय आज?" तर तो गप्प! ज्यांना टाइप करता येत नाही त्यांच्याच कामाची ही वस्तू, आणि तिला त्यांचीच बोली कळत नाही. वऱ्हाडी आवाज पुरेसे गोळा झाले तर हे पाच वर्षांत सुटेल.

फवारणीचा ड्रोन येईल, पण घरोघरी नाही. लाखांची वस्तू वर्षातून मोजके दिवस लागते. थ्रेशरसारखा तो भाड्याने फिरेल, कदाचित बचत गटाच्या बायकाच चालवतील. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, ते आठवले की हा ड्रोन लवकर यावा असे वाटते.

कपाशी वेचायचे यंत्र मात्र दहा वर्षांत सगळीकडे दिसेल असे मला वाटत नाही. आपल्या वाणांची बोंडे एकदम फुटत नाहीत, दोन-तीन वेचे करावे लागतात, आणि झाड इतके पसरते की मोठे यंत्र सरीत शिरणार कुठून? त्यासाठी आधी झाडच बदलावे लागेल. तोपर्यंत दिवाळीनंतर वावरात कमरेला ओटी बांधलेल्या बायाच दिसतील. मजुरी किलोवरच मोजली जाईल, पैसे मात्र फोनवर येतील.