एकटा स्वार आणि टोळी

संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत समुद्री चाच्यांचे खेळ तरुणांना विशेष प्रिय आहेत. २०१८ साली निघालेला ‘सी ऑफ थीव्ज’ हा त्यांपैकीच एक. देशोदेशीचे अपरिचित खेळाडू त्यात एकाच वेळी एकाच समुद्रावर वावरत असतात. खेळावयास बसलेल्या प्रत्येकापुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. एकट्याने लहान गलबत हाकावयाचे, की चौघांच्या टोळीत सामील होऊन मोठ्या जहाजावर चढावयाचे? एकट्याला शीड सावरणे, सुकाणू धरणे, नकाशा पाहणे, तोफ डागणे आणि तळाला भोक पडले म्हणजे पाणी उपसणे ही सारी कामे दोनच हातांनी करावी लागतात. त्याच्या मोबदल्यात त्याला एक सुख लाभते. कोठे जावे, कोणाशी झुंजावे आणि केव्हा पळावे, हे त्याला कोणास विचारावे लागत नाही. टोळीच्या जहाजावर तोफा अधिक आणि हातही अधिक. परंतु मतेही तितकीच.

या खेळात एक मोठी सोय करून ठेवलेली आहे. लूट बंदरावर नेऊन विकली, की तिची किंमत टोळीतील प्रत्येकाच्या नावावर पुरीच्या पुरी जमा होते. चौघांत तिचे चार तुकडे होत नाहीत. त्यामुळे एकट्याने जावे की टोळीने, हा प्रश्न तेथे आवडीनिवडीचा आणि करमणुकीचा राहतो. प्रत्यक्ष जगात एका मोहरेच्या चार मोहरा होत नाहीत. तेथे सोबत्याला घेणे म्हणजे वाटेकऱ्याला घेणे होय. आणि वाटणीचा नियम कोणता, यावर टोळीचे आयुष्य अवलंबून राहते. खऱ्या चाच्यांना हे पुरते उमगले होते. अठराव्या शतकाच्या आरंभी अटलांटिक महासागरावर धुमाकूळ घालणाऱ्या बार्थोलोम्यू रॉबर्ट्स याच्या जहाजावर लेखी कलमे होती. त्यांप्रमाणे कप्तानाला लुटीचे दोन वाटे, तोफखान्याच्या प्रमुखाला दीड वाटा आणि सामान्य खलाशाला एक वाटा मिळे. लढाईत ज्याचा हातपाय जाई त्याला वाटणीपूर्वीच भरपाई देण्याचे ठरलेले असे. कायद्याला न जुमानणाऱ्या माणसांनाही आपसांत कायदा केल्यावाचून चालले नाही.

समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या माळव्यात हाच प्रश्न एके काळी घोड्याच्या पाठीवर बसून सोडविला जात होता. इंदुराच्या पश्चिमेस धार आणि ईशान्येस देवास ही दोन नगरे आहेत. दोन्ही ठिकाणी मराठ्यांच्या पवार घराण्याच्या शाखा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थिरावल्या. धार आनंदराव पवारांकडे आले, तर देवास तुकोजी व जिवाजी या दोघा भावांकडे. पुढे १७९४ साली महादजी शिंदे, १७९५ साली अहिल्याबाई होळकर आणि १७९७ साली तुकोजी होळकर निवर्तले. ज्यांच्या शब्दाला वजन होते ती माणसे अशी तीन-चार वर्षांत नाहीशी झाली आणि माळव्यातील सत्तेची गाठ सैल पडली. ज्याच्याजवळ घोडा आणि भाला होता, त्या प्रत्येकाला आता निवड करावयाची होती.

एकट्याने निघून टोळी कशी उभारावी, याचा सर्वांत ठळक दाखला धारमध्येच घडला. तुकोजी होळकरांच्या मृत्यूनंतर वारशाचा तंटा पेटला. त्यात त्यांचा मुलगा मल्हारराव पुण्यास शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला. त्याचा भाऊ यशवंतराव जीव वाचवून नागपुरास गेला. परंतु तेथे भोसल्यांनी त्याला कैदेत टाकले. कैदेतून निसटून, खानदेशातून वाट काढीत, तो धारला आनंदराव पवारांच्या आश्रयास आला. त्या सुमारास धारचा एक असंतुष्ट दिवाण पेंढाऱ्यांना हाताशी धरून आपल्याच धन्यावर चालून आला होता. त्या प्रसंगी यशवंतराव पवारांच्या उपयोगी पडला. तथापि त्याला आसरा दिल्याचे शिंद्यांना कळताच त्यांचा दबाव धारवर येऊ लागला. आनंदरावांनी काही पैसा आणि घोडी देऊन पाहुण्याला निरोप दिला. सर जॉन माल्कम याने आपल्या माळव्यावरील ग्रंथात नमूद केल्याप्रमाणे, १७९८ च्या सुमारास धारची वेस सोडताना यशवंतरावाबरोबर सात स्वार आणि सुमारे एकशेवीस फाटके, अर्धेमुर्धे हत्यारबंद पायदळ होते.

एवढ्या माणसांनिशी राज्य मिळत नाही; पण एवढ्या माणसांना पोसणे सोपे असते. लहान जथा रातोरात हलतो. त्याला डेरे लागत नाहीत, बाजारबुणगे लागत नाहीत आणि हरल्यास तो विखरून पुन्हा जमू शकतो. एका विजयाची वार्ता पसरताच माणसे आपोआप येऊन मिळू लागली. त्यांत अमीरखान हा पठाण सरदार महत्त्वाचा. यापुढे जे काही मिळेल त्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा, असा करार करून तो यशवंतरावाला मिळाला. रॉबर्ट्सच्या जहाजावर जी कलमे होती, तशाच जातीचे हे कलम होते. चार वर्षे लोटली नाहीत तोच, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, यशवंतरावाने पुण्याजवळ हडपसर येथे शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. सात स्वारांची टोळी हिंदुस्थानच्या राजकारणातील मोठी शक्ती बनली.

परंतु टोळी मोठी होताच तिचे पोटही मोठे होते. सात स्वारांना एका गावचा दाणावैरण पुरत असे. हजारोंच्या फौजेला परगणे पुरेनात. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसत, आणि त्यांना उठविण्यासाठी दुसरा मुलूख लुटावा लागे. एकटा असताना जो स्वतःच्या मर्जीचा धनी होता, तोच आता आपल्या टोळीच्या भुकेचा ताबेदार झाला. ज्या धारने यशवंतरावाला संकटात आसरा दिला, त्या धारलाही पुढे शिंदे आणि होळकर या दोन्ही फौजांनी नागविले. १८०७ साली आनंदराव वारल्यावर त्यांच्या विधवा पत्नी मीनाबाई यांनी मोठ्या धैर्याने गादी सांभाळली. पण इंग्रज माळव्यात आले तेव्हा राजधानीवाचून फारसे काही संस्थानाच्या हाती उरले नव्हते.

यशवंतरावासारखी राज्याची आकांक्षा ज्यांना नव्हती, त्यांच्यासाठी पेंढाऱ्यांची टोळी होती. तिला दुर्रा म्हणत. तिच्यात शिरण्यास जात, धर्म किंवा कूळ आड येत नसे. पगार नव्हता, लूट हाच पगार. शिंदे किंवा होळकर यांच्या नावाखाली वावरावे आणि त्याबद्दल लुटीतील भाग पालपट्टी म्हणून द्यावा, अशी रीत होती. नद्यांचे पाणी ओसरून दसरा उलटला की घोड्यांना नाल ठोकून मोहिमेची तयारी होई. डेरे नाहीत, सामान नाही. घोडा, लांब बांबूचा भाला आणि खोगिरात चार दिवसांची भाकरी. दिवसाला चाळीस-पन्नास मैलांची मजल ते मारीत. एका अंदाजाप्रमाणे हजारात चारशेच स्वार चांगल्या घोड्यांचे व हत्यारांचे असत. बाकीचा जमाव मिळेल ते जनावर आणि मिळेल ते हत्यार घेऊन मागे निघे. अशा दुबळ्या स्वाराला एकट्याने एक खेडेही लुटता आले नसते. टोळीच्या धाकामुळे गावे त्याच्यापुढे ओस पडत.

त्या धाकाची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही. मार्च १८१६ मध्ये नर्मदाकाठाहून निघालेले पेंढारी पूर्व किनाऱ्याकडील गुंटूर जिल्ह्यात घुसले. बारा दिवसांच्या आत ३३९ गावे लुटली गेली; १८२ माणसे ठार झाली, ५०५ जखमी झाली आणि पुरलेला पैसा सांगावा म्हणून ३,६०३ जणांचे हाल करण्यात आले. पडद्यावरच्या खेळात लुटला जाणारा खेळाडू दुसऱ्या क्षणी नवे गलबत घेऊन उभा राहतो. खेड्यातल्या कुणब्याला ती सवलत नव्हती.

पेंढाऱ्यांच्या सरदारांत चितू हा सर्वांत प्रबळ होता. शिंद्यांनी त्याला नवाबाची पदवी आणि जहागीर दिली होती. नर्मदेच्या उत्तर काठी सातवास आणि नेमावर या भागात त्याचे ठाणे असे; ही दोन्ही गावे आज देवास जिल्ह्यात आहेत. पुढे नर्मदा आणि मागे विंध्याचे रान, असा तो आडोसा होता. करीमखान आणि वासिल महंमद हे त्याच्या जोडीचे दुसरे सरदार. सर्व दुर्रे मिळून वीस-पंचवीस हजार स्वार भरत असावेत. हे सर्व एकदिलाने वागले असते तर त्यांचा बंदोबस्त सोपा नव्हता. परंतु या सरदारांत लुटीपलीकडचा कोणताही करार नव्हता. शिंद्यांच्या कैदेतून सुटून करीमखान पुन्हा डोके वर काढू लागला, तेव्हा त्याच्यावर चालून जाण्यास चितूनेच शिंद्यांना मदत केली. लुटीस जाताना एकत्र यावे आणि संकट आले की ज्याने त्याने आपले पाहावे, एवढीच त्यांची एकी होती.

१८१७ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने लाखाहून अधिक फौज चोहोंकडून माळव्यावर आणली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला आणि पेंढाऱ्यांच्या डोक्यावरील छत्र गेले. त्यानंतर दुर्रे वितळू लागले. फेब्रुवारी १८१८ मध्ये करीमखान शरण गेला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. वासिल महंमदाने इंग्रजांच्या नजरकैदेत विष घेतले. लुटारूपणातून वेळीच बाहेर पडून लेखी तह करणारा अमीरखान टोंकचा नवाब झाला. चितू मात्र शरण गेला नाही. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांबरोबर तो काही काळ रानोमाळ हिंडला. असीरगडाच्या किल्ल्यात त्याला थारा मिळाला नाही. एकामागून एक सोबती गळाले. १८१९ च्या आरंभी कांटापूरच्या जंगलाच्या कडेला खोगीर घातलेला एक घोडा चरताना आढळला. खोगिरात सुमारे अडीचशे रुपये आणि काही पत्रे होती. आत जंगलात शोध घेतला तेव्हा वाघाने मारलेल्या चितूचे अवशेष सापडले. ज्याच्या हाकेसरशी हजारो भाले उठत, त्याच्या शेवटच्या मुक्कामी घोड्याखेरीज सोबतीस कोणी नव्हते.

याच देवास परिसरात भागीदारीचा अगदी निराळा प्रयोग शतकभर आधीपासून चालू होता. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या भावांनी देवास घेतले, तेव्हा एकाने दुसऱ्याला हुसकावून लावले नाही. दोघांनी एकच नगर आणि एकच मुलूख वाटून घेतला. त्यांच्या वंशजांच्या संस्थानांना थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणत. पाती म्हणजे वाटा. वाटणी तेथे नावातच कोरलेली होती. तेथील एका जमीनदाराने माल्कमला सांगितले होते की, साधे लिंबू जरी नजराणा म्हणून आले तरी ते कापून दोन्ही राजांना सारखे द्यावे लागते. एकाच गावात दोन राजवाडे, दोन दरबार आणि पुढे दोन कारभार, ही व्यवस्था खर्चाची होती. पाहुण्यांना ती हास्यास्पदही वाटे. शिंदे, होळकर आणि पेंढारी यांच्या तडाख्यातून देवासही सुटले नाही. तरीही १२ डिसेंबर १८१८ रोजी इंग्रजांशी तह झाला तो दोन्ही राजांचा मिळून झाला, आणि दोन्ही पात्या १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत शेजारीशेजारी नांदल्या. हजारोंचे दुर्रे एका हंगामात विरून गेले. दोघांची भागीदारी दोनशेवीस वर्षे टिकली.

एकटा की टोळी, या प्रश्नाचे उत्तर या तीन कथांत दडलेले आहे. एकटा माणूस चपळ असतो, पण त्याच्या एका चुकीला दुसऱ्याचा हात सावरीत नाही. टोळी बळ देते आणि त्या बळाचे व्याजही वसूल करते. टोळीत शिरणाऱ्याने तिची संख्या किंवा तिच्या तोफा मोजून भागत नाही. लूट आली म्हणजे ती कशी वाटली जाईल आणि लूट संपली म्हणजे कोण जवळ राहील, हे दोन प्रश्न त्याने आधी विचारावयास हवेत. यशवंतराव आणि अमीरखान यांनी पहिला प्रश्न मिटविला होता. देवासच्या भावांनी दोन्ही मिटविले. चितूच्या दुर्र्यात दुसऱ्या प्रश्नाचे नावही कोणी काढले नाही.

पडद्यावरच्या समुद्रात रात्री तासभर रमणाऱ्या तरुणाला ही सारी हकीकत जड वाटण्याचा संभव आहे. तेथे जहाज बुडाले तर नवे मिळते आणि सोबती पळाले तर दुसरे येतात. परंतु खेळ बंद करून तो दुकानात भागीदार घेण्यास, भावाबरोबर शेत कसण्यास किंवा एखाद्या मंडळात नाव घालण्यास निघेल, तेव्हा तेथे प्रत्येकाच्या खात्यावर पुरी मोहर पडणार नाही. त्या वेळी देवासच्या कापलेल्या लिंबाची आठवण त्याच्या उपयोगी पडेल.