साठवणीच्या धान्यातील कीड व बुरशी : परस्परसंबंधाचा विचार

साठविलेल्या धान्याची नासाडी मुख्यतः दोन प्रकारच्या जीवांकडून होते : कीटक आणि बुरशी. अध्ययनाच्या सोयीसाठी पहिल्याचा विचार कीटकशास्त्रात व दुसऱ्याचा वनस्पतिरोगशास्त्रात केला जातो. ही विभागणी अभ्यासक्रमास उपयुक्त असली, तरी कोठारात ती टिकत नाही. तेथे कीड बुरशीस वाट करून देते व बुरशी धान्यास अधिक ओले करते. या दोहोंमागे धान्यातील जलांश हे एकच सूत्र असून त्याकडे दुर्लक्ष करून केलेला कोणताही उपाय अपुरा ठरतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

जलांश आणि आर्द्रता

धान्याचा दाणा सभोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव सतत करीत असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असता ज्वारी, गहू यांसारख्या तृणधान्यांचा जलांश सुमारे साडेतेरा ते चौदा टक्क्यांवर स्थिर होतो. त्याच हवेत भुईमुगाच्या दाण्याचा जलांश मात्र सुमारे सात टक्केच असतो. याचे कारण उघड आहे. तेल पाणी शोषीत नाही. म्हणून तैलयुक्त दाण्यातील सर्व पाणी उरलेल्या अल्प भागात सामावलेले असते. बुरशीस महत्त्व आहे ते पाण्याच्या एकूण प्रमाणास नव्हे, तर ते तिला कितपत उपलब्ध आहे यास. यास्तव ज्वारीस निर्धोक असणारा बारा टक्के जलांश भुईमुगाच्या दाण्यास घातक ठरतो.

साठवणीतील बुरशींपैकी ॲस्परजिलस वंशातील काही काटक जाती ७० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतही हळूहळू वाढू लागतात. ॲस्परजिलस फ्लेव्हस या विषोत्पादक जातीस सामान्यतः ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता लागते. शेतातील फ्युजॅरियम, कर्व्ह्युलॅरिया आदी बुरशींची गरज याहूनही मोठी असते. खरीप ज्वारी पक्व होताना पाऊस लांबला म्हणजे कणसे काळी पडतात, ती यांच्यामुळे; रब्बी ज्वारी कोरड्या दिवसांत तयार होत असल्याने बहुधा या विकारातून सुटते. धान्य वाळल्यावर शेतातील बुरशी मागे पडतात व त्यांची जागा साठवणीतील बुरशी घेतात.

शेतापासून कोठारापर्यंत

कीड कोठारातच निर्माण होते, हा समज सर्वस्वी खरा नाही. कडधान्यातील भुंगेरा पक्व होत असलेल्या शेंगांवर शेतातच अंडी घालतो. अळी दाण्यात शिरते आणि बाहेरून निर्दोष दिसणारे धान्य कीड घेऊनच घरी येते. भुईमुगाच्या शेंगा जमिनीत असताना वाळवीने त्यांची टरफले खरवडली, तर मातीतील ॲस्परजिलस फ्लेव्हसला प्रवेश सुलभ होतो. पिकाच्या अखेरच्या काळात अवर्षण पडल्यास हा धोका वाढतो. म्हणजेच साठवणुकीचा विचार काढणीपूर्वीच सुरू व्हावयास हवा.

कोठारात सोंडकिड्याची मादी दाण्यास छिद्र पाडून त्यात अंडे घालते व छिद्र चिकट स्रावाने बुजविते. अळी आतच वाढत असल्याने वरवरच्या पाहणीत ती दिसत नाही. प्रौढ कीटक बाहेर पडला म्हणजे दाण्याचे कवच फुटते, पीठ सांडते आणि कीटकाच्या अंगावरून बुरशीचे बीजाणू सर्वत्र पसरतात.

याहून महत्त्वाची गोष्ट श्वसनाची आहे. एक किलोग्रॅम पिष्टाचे पूर्ण ज्वलन झाल्यास अर्ध्या किलोग्रॅमहून अधिक पाणी व त्यासोबत उष्णता निर्माण होते. कीटकांची वस्ती एका ठिकाणी दाट झाली की तेथील धान्य तापते. कीटकजन्य उष्णता सुमारे ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास थांबते, कारण त्यापुढे कीटकांनाच तेथे राहवत नाही. परंतु तेथील उबदार दमट हवा वर चढून थंड थरास भिडते, दवबिंदू जमतात व वरचे धान्य भिजून त्याची ढेपळे होतात. अशा रीतीने कोरड्या म्हणून भरलेल्या राशीतही बुरशीस ओलावा मिळतो आणि ती तापमान आणखी वाढविते.

विषाचा प्रश्न

हानीचे मोजमाप केवळ वजनातील घटीने करणे धोक्याचे आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्याचे मूळ बुरशीयुक्त भुईमूग पेंडीत आढळले आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन या विषाचे ज्ञान झाले. आपल्याकडे १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांच्या आदिवासी खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाल्ल्याने यकृतविकाराची साथ उद्भवली. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. हे विष शिजविण्याने वा भाजण्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. ज्या घरात दुसरे धान्य नाही, त्या घरास बुरशीचा मका टाकून देणे परवडत नाही. हेच या घटनेतील खरे दुःख होय.

उपायांची मर्यादा

आता उपायांकडे वळू. फॉस्फिनची धुरी कीटकांना मारते; परंतु ती धान्य वाळवीत नाही किंवा तयार झालेले विषही नष्ट करीत नाही. हा वायू माणसासही प्राणघातक असल्याने त्याचा वापर प्रशिक्षित व्यक्तींनीच करावयाचा असतो. शिवाय अपुऱ्या मात्रेच्या वारंवार वापरामुळे भारतासह अनेक देशांत काही किडींमध्ये प्रतिकारशक्ती आली आहे.

पारंपरिक पेवाचे तत्त्व निराळे आहे. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू धान्य व कीड यांच्या श्वसनाने संपत जातो व कीड गुदमरते. नुकत्याच उघडलेल्या पेवात माणसाने उतरणे जिवावर बेतते, तेही याच कारणाने. परंतु भिंतींतून ओल आल्यास कडेचे धान्य कुजते. म्हणून गवताचे वा कडब्याचे अस्तर देत. आधुनिक हवाबंद पिशव्या हेच तत्त्व वापरतात. मात्र त्यांत ओले धान्य भरल्यास ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाही.

वाळवणी हाच पाया होय. जलांश दहा टक्क्यांखाली गेला की सोंडकिड्याची वाढ जवळजवळ थांबते. अर्थात खापरा भुंगेऱ्यास हा नियम लागू नाही. त्याची अळी अत्यंत कोरड्या धान्यातही जगते व प्रतिकूल काळात दीर्घकाळ सुप्त राहते. तेथे स्वच्छता, भिंतींच्या भेगा बुजविणे व जुनी पोती नव्या धान्यास न वापरणे यांवरच भर द्यावा लागतो.

यावरून संशोधकांसाठी एक निष्कर्ष निघतो. कीटकांची गणना एका प्रयोगशाळेत व बुरशीची परीक्षा दुसरीत, निरनिराळ्या नमुन्यांवर झाली, तर कारण कोणते व परिणाम कोणता हे कळणार नाही. एकाच नमुन्याचा जलांश, तापमान, कीड, बुरशी व विष ही पाचही अंगे एकत्र तपासली जावीत. तसे झाल्यासच शेतकऱ्यास द्यावयाचा सल्ला विश्वासार्ह होईल.