कंपवात : बरं वाटलं म्हणून गोळी बंद करू नका

हाताची थरथर कमी झाली, चालणं सुधारलं, की घरात कुणीतरी म्हणतंच, "आता कशाला गोळ्या?" कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णाला हा सल्ला महागात पडू शकतो. गोळी एकदम बंद केली तर अंग लाकडासारखं ताठ होणं, जोराचा ताप येणं, शुद्ध हरपणं असे प्रकार होऊ शकतात. काही वेळा जिवावर बेततं. असं दिसताच रुग्णाला लगेच दवाखान्यात न्यावं.

या आजारात मेंदूतील डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. लेव्होडोपा हे औषध मेंदूत जाऊन डोपामिन बनतं. गोळीत सोबत असलेलं कार्बिडोपा त्याला वाटेत वाया जाऊ देत नाही. मात्र आजार मुळापासून जात नाही. गोळीचा असर आहे तोवरच हालचाल मोकळी राहते.

गोळी कशी घ्यावी?

● रोज ठरलेल्या वेळेला घ्यावी. मोबाईलवर अलार्म लावावा.
● शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. दूध, डाळ, अंडी, मटण यांतील प्रथिनांमुळे औषधाचा असर कमी होऊ शकतो. मळमळत असेल तर सोबत एखादं बिस्कीट चालतं.
● रक्तवाढीची लोहाची गोळी याच वेळी घेऊ नये. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं.
● एक डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.
● हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर कुटून देऊ नये.

डोस का बदलतो?

सुरुवात कमी डोसने होते, मग डॉक्टर बेताने वाढवतात. काही वर्षांनी पुढच्या गोळीची वेळ व्हायच्या आधीच असर उतरू लागतो. उलट, डोस जास्त होत असेल तर अंग आपोआप वळवळतं. गोळी किती वाजता घेतली, अंग कधी आखडलं, कधी वळवळलं, हे आठवडाभर वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावं. शेजारच्याचा डोस पाहून आपला बदलू नये.

खाजकुयलीचं चूर्ण?

खाजकुयलीच्या (कवचबीज) बियांत लेव्होडोपा असतंच, पण चूर्णात ते किती आहे याचा नेम नसतो. गोळ्यांबरोबर घेतल्यास डोस जास्त होऊ शकतो. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

उलटीसाठी किंवा दुसऱ्या आजारासाठी दवाखान्यात गेलात, तर कंपवाताच्या गोळ्या चालू असल्याचं आधी सांगा. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड कंपवात वाढवतं.