वामेशिवाय 'उनागी'

सुशीवेड्यांनो, सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ताताकी'बद्दल ऐकलंय? २००८ मध्ये सुरू झालेलं हे चिमुकलं रेस्टॉरंट. समुद्र ओरबाडून आणलेला मासा इथे वाढायचा नाही, हा सुरुवातीपासूनचा नियम. म्हणजे ब्लूफिन ट्यूना बाद, आणि उनागीही!

उनागी म्हणजे गोडसर सोया सॉस लावून भाजलेली वाम. 'पण ती तर शेततळ्यात वाढवतात ना?' वाढवतात, पण पिल्लं समुद्रातूनच धरून आणावी लागतात. काचेसारखी पारदर्शक, बोटभर लांबीची. ती मोठी होऊन अंडी घालणार कधी? २०१४ मध्ये जपानी वाम धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत गेली.

ताताकीने त्यावर 'फो-नागी' काढली. 'फो' म्हणजे फ्रेंचमध्ये खोटं. वामेऐवजी ब्लॅक कॉड! (नावात कॉड असला तरी तो कॉड नव्हेच.) थंड पाण्यातला हा मासा इतका तेलकट, की भाजला की पाकळी-पाकळी सुटते आणि सॉस आत मुरतो. वामेची उणीव भासू नये अशीच ही निवड, माझ्या मते अस्सल डोकेबाज.

पुढच्या वेळी सुशी मागवताना मासा कुठला आणि कसा धरलेला, एवढं वाढणाऱ्याला जरूर विचारा.