भिंतीवरचा कीपॅड बंद पडला, म्हणून अख्खी ऑडिओ सिस्टिम बदलायची?

छतातले स्पीकर ठणठणीत आहेत, ॲम्प्लिफायरही चालू आहे. पण आवाज कमी-जास्त करणारा भिंतीवरचा कीपॅड बंद पडला. ते मॉडेल आता मिळत नाही. अशा वेळी ‘सगळं नवीनच घ्या’ असा सल्ला मिळतो. बरेचदा त्याची गरज नसते. मात्र दुसरा कीपॅड घेण्याआधी भिंतीतल्या वायरमधून नेमकं काय जातं, हे तपासा.

वायर तीच, काम वेगळं

जुन्या सिस्टिममध्ये कीपॅडला बहुतेक वेळा कॅट-५ केबल असते. तिच्यात ८ तारा, म्हणजे ४ जोड्या असतात. त्यातून दोनपैकी एक काम होतं.

• कीपॅड फक्त आदेश पाठवतो : ॲम्प्लिफायर दुसरीकडे असतो. आदेश इन्फ्रारेड किंवा आरएस-४८५ सारख्या सिरियल सिग्नलने जातो.
• कीपॅडमध्येच ॲम्प्लिफायर असतो : ऑस्ट्रेलियातल्या लीझरटेकची ‘ए-बस’ पद्धत अशी आहे. एकाच केबलमधून गाणं, आदेश आणि २४ व्होल्ट डीसी वीज येते.

धोका कुठे?

दोन्हीकडे इंटरनेटच्या केबलसारखाच आरजे-४५ प्लग असू शकतो. तो बघून राउटर किंवा लॅपटॉप जोडू नका. २४ व्होल्ट चुकीच्या ठिकाणी गेले, तर उपकरण जळू शकतं.

कीपॅड कसा जुळवायचा?

१. मेन स्विच बंद करून कीपॅड उघडा. प्रत्येक तारेचा रंग आणि जागा दिसेल असा फोटो काढा.
२. वीज सुरू करून मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. सवय नसेल, तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.
३. ए-बस असेल, तर त्याच पद्धतीचा दुसऱ्या कंपनीचा कीपॅडही शोधा. परवाना घेऊन अनेक कंपन्यांनी ते बनवले होते.
४. इन्फ्रारेड असेल, तर जुन्या रिमोटचे कोड वाचून ‘ईएसपी३२’ बोर्डाकडून तेच पाठवता येतात. हे सिग्नल बहुधा ३८ किलोहर्ट्झचे असतात. बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो, त्यामुळे मध्ये व्होल्टेज कमी करणारं सर्किट हवंच.
५. आरएस-४८५ साठी वेगळी चिप लागते आणि कंपनीची आदेशांची यादीही. यादी मिळत नसेल, तर खर्च करण्याआधी थांबा.

प्लेट बसत नसेल तर?

अमेरिकन बॉक्समध्ये दोन स्क्रूंमधलं अंतर ८३.३ मिमी असतं. आपल्याकडच्या मॉड्युलर प्लेटचं माप वेगळं असू शकतं. त्यासाठी भिंत फोडू नका. माप घेऊन जोडप्लेट बनवून घ्या. नाशिककरांसाठी हे सोपं आहे : अंबड औद्योगिक वसाहतीत पत्रा आणि लेझर कटिंगची कामं करणारी वर्कशॉप आहेत. एका प्लेटसाठीही जाताना कागदावर मापं मिलिमीटरमध्ये लिहून न्या.

आणि जुना कीपॅड? तो कचऱ्याच्या डब्यात नको. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत रिसायकलरकडेच व्हायला हवी. पण नवा कीपॅड चालू होईपर्यंत जुना जपून ठेवा. कोणती तार कुठे जाते, हे तोच सांगतो.